युनोमास्तरांचा ब्राझील

युनोमास्तर वर्गात आम्हाला नावानं नव्हे, देशाच्या नावानं हाक मारत. सिंदीच्या शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी वर्गातच युनो भरवायचे. नामदेव घाना होता, मी ब्राझील. भारत त्यांनी कुणालाच दिला नाही. "भारत त आपण सगळेच आहो," म्हणायचे.

पहिल्या बाकावर पाच बडे देश. त्यांच्यातल्या एकानं नकार दिला की ठराव पडे. "बड्यायजवळ नकाराधिकार आहे. तुमच्याजवळ काय आहे? हात. त तो पुरा वर करा. कोपरातून उचलला हात कोणी मोजत नाई." लहान देशांनी आधी व्हरांड्यात बसून मतं जुळवायची, मगच आत यायचं, हा त्यांचा नियम. मला मात्र वेगळं बजावत. "ब्राझील, तू मोठा होऊन राह्यला. बडे तुले आपल्या बाकावर बोलावतीन. तवा मागं पाहजो."

शाळा सुटून वर्षं लोटली तरी भरबाजारात हाक यायची, "काय ब्राझील, पऱ्हाटी कशी आहे? बोंडं धरली का?" सोबत असली की बायको पदराआड हसायची.

पुढे, ऐंशी सालानंतर, निवृत्त मास्तर आणि मी आमच्या जिनिंग सोसायटीच्या संचालक मंडळावर एकत्र आलो. तिथे बड्या शेतकऱ्यांच्या कापसाच्या बैलबंड्या थेट आत जात, लहानांच्या फाटकाबाहेर मुक्कामाला राहत. नामदेवाची त्यात असायचीच. जो आधी आला त्याच्या कापसाचा काटा आधी, असा ठराव मास्तरांनी मांडायचं ठरवलं. सायकलवर गावोगाव जाऊन एकेका संचालकाचं मत जुळवलं. फक्त माझ्याकडे आले नाहीत. "ब्राझीलले काय विचाराचं?" म्हणाले.

बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला उपाध्यक्षपद देऊ केलं.

हात मोजायची वेळ आली. मी हात कोपरातून उचलला, कानाशी नेला आणि तिथंच थांबवला. तो मोजला गेला नाही. मतं समसमान झाली, अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकलं आणि ठराव पडला. मास्तर माझ्याकडे बघत होते.

गावानं हसून घेतलं त्यांनाच. "जगाची मतं मोजते मास्तर, अन् सोसायटीची नाई जमली." मास्तर कुणाजवळ काही बोलले नाहीत. परवा नामदेवही म्हणाला, "मास्तरचा हिशोब चुकला होता."

नाही रे नामदेव. हिशोब बरोबर होता.

उपाध्यक्ष झाल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. "या वसंतराव, बसा," म्हणाले.

ते गेले तोवर मी वसंतरावच राहिलो.