यशस्वी रुग्ण क्रमांक एकशे सतरा

दुपारच्या जेवणानंतर हॉस्पिटलच्या नोंदींच्या खोलीत वृंदाचे डोळे मिटतात, तेव्हा समोरच्या छापील तक्त्यावर तिचा आकडा तयार असतो: सत्त्याऐंशी. खानावळ चालवणाऱ्या इंदिराबाईंच्या मेंदूच्या तळाशी, पियूषिका ग्रंथीवर, गाठ आहे. नाकावाटे दुर्बीण घालून ती काढली, तर ऑपरेशन यशस्वी होण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशी. जुन्या तीनशे बारा रुग्णांवरून वृंदानं हे गणित बसवलंय. चार वाजता डॉक्टर तो आकडा बाईंना सांगतील, मग बाई हो किंवा नाही म्हणतील.

पंख्याची घरघर कांडपयंत्राची होते. दिगूमामा यंत्रात मिरच्या ओततोय. मागच्या थंडीत हार्ट अटॅकनं गेलेला मामा. त्याच्या चार वर्षं आधी त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं.

"काय गं शास्त्रीणबाई, मला कुठल्या रकान्यात बसवलंस?"

"यशस्वी. एकशे सतरावी ओळ."

मामा खूश होतो. कांडपाच्या भिंती मऊ, लालसर होतात आणि दोघं एका ओल्या, अरुंद बोळातून चालू लागतात. हे नाक आहे, हे वृंदाला कळतं, पण त्यात काही वावगं वाटत नाही. मामा वर बोट दाखवतो. डॉक्टर इथनंच आत गेले, गाठ मुळापासून काढली, नजर परत आली, त्याची काही तक्रार नाही.

"मग कांडप का बंद केलंस?"

मिरची भाजताना कधी करपते ते नाकाला कळतं, तो सांगतो. त्यानं घड्याळ लावून पाहिलं, तरी गिऱ्हाइकं मसाला परत आणायची. वृंदाला ती दिवाळी आठवते. करपलेला चिवडा मामानं बशीभर खाल्ला होता, तारीफ करत. सगळे हसले होते. तीही.

"तपासणीला आलास तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही, वृंदे."

बोळ आणखी अरुंद होतो. मग इंदिराबाईंनी नाही म्हणावं का, ती घाईघाईनं विचारते.

"असं कुठं म्हणतोय मी? डोळे जात होते माझे, मी परत केलंच असतं. पण आधी कळलं असतं, तर मिरची भाजायला दुसरं नाक नेमलं असतं."

चारला दहा कमी. गालाला चिकटलेला तक्ता वृंदा हळूच सोडवते. शेवटच्या छापील रकान्यापुढे पेन्सिलची एक वाकडी रेघ आहे. रेघेपलीकडे, नव्या रकान्याच्या माथ्यावर, तिच्याच अक्षरात: 'वास येतो का?' खालची सगळी घरं कोरी. एकशे सतराव्या ओळीत फक्त, कागद फाटेल इतकं दाबून, 'नाही'.