झोळीतला घुमारा

गिटारचा आवाज कोरडा असतो, हे मला आमच्या वन्संमुळं कळलं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती हवायन गिटार ती वाजवायची. तिच्या मामांनी मुंबईहून आणून दिलेली. आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात तेव्हा दुसऱ्या कुणाकडं गिटार असेल असं मला वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट सांगतेय. एका लग्नात तिनं दोन गाणी वाजवली. कोपरगावच्या एका ऑर्केस्ट्राचे मालक पाहुणे म्हणून आले होते. पंगतीत म्हणाले, "पोरीचा हात गोड आहे, पण आवाज कोरडा. आमचा गिटारवाला गेला तो आपलं विलायती यंत्रही घेऊन गेला. त्यातून आवाज घुमायचा, थरथरायचा. लोकांना आता तेच लागतं. तसं काही जमलं तर पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी चार वाजता घेऊन या. नाहीतर राहू द्या."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच जेवत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "जा एकडाव. पन त्यो न्हाई म्हनला, तर त्ये लाकूड माळ्यावर जाईल. पुन्ना त्याचं नाव काढायचं न्हाई."

वन्संनं माझ्याकडं बघितलं. का, ते सांगते.

घराच्या पुढच्या खोलीत आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हे लाऊडस्पीकर लावायला गावोगाव जायचे, आणि मागं राहिलेले रेडिओ मी उघडायची. शिकवलं कुणी नाही. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सर्किटचा नकाशा वाचता यायचा. रेघ कुठून निघते आणि कुठं टेकते, एवढंच तर बघायचं असतं. ह्यांच्या जुन्या मासिकांत मला पाहिजे तसा नकाशा सापडला. ह्यांना दाखवला तर म्हणाले, "यातलं निम्मं सामान पुण्यातसुद्धा मिळायचं नाही. उगाच तिला आशा लावू नकोस."

"आशा त्या मालकांनी लावलीय. मी नुसता कथलाचा डाग देणार," मी म्हटलं.

बोलले खरी, पण फक्त तीन आठवडे हातात होते.

घुमाऱ्याचं त्यातल्या त्यात सोपं. गिटारचा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वाट सरळ ॲम्प्लिफायरला. दुसरी एका मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओला. त्याच्या छोट्या स्पीकरच्या मधोमध स्प्रिंगचं एक टोक चिकटवायचं, आणि दुसरं टोक रेकॉर्डवरची सुई ज्या डबीत बसते त्या डबीला. आवाज स्प्रिंगमधून धावतो, टोकाला आपटून परत फिरतो, पुन्हा जातो. असा येजा करून दमलेला आवाज त्या डबीतून ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या भोकात सोडायचा, की झाला घुमारा. स्प्रिंग मी खिडकीच्या पडद्याची काढली. पडदा मग दोन खिळ्यांना सुतळीनं बांधलेला होता, तो तसाच राहिला.

थरथरीनं मात्र रडवलं. टॉर्चचा बल्ब आपोआप कमी-जास्त व्हायला पाहिजे, आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारी एक वस्तू पाहिजे. उजेड पडला की ती आवाज दाबणार, अंधार झाला की सोडणार. बल्बचं जमलं. ती वस्तू कुठून आणायची? एका दुपारी भांडी घासताना डोक्यात आलं की जुन्या रेडिओच्या आत ट्रान्झिस्टर म्हणून जो इवलासा दाणा बसवतात तो काचेचा असतो, आणि वरून काळा रंग दिलेला असतो. काच आहे तर रंग कशाला देतात? आत उजेड जाऊ नये म्हणूनच ना? राखेचे हात तसेच धुतले आणि ब्लेड घेऊन बसले. रंग खरवडताना तीन दाणे फुटले. ह्यांना सांगितलं नाही. चौथा टिकला, आणि वन्संची तार पहिल्यांदा थरथरली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले.

सगळं एका साबणाच्या खोक्यात बसवलं, तीच आमची पेटी. घुमारा आणि थरथर, अशी दोन बटणं. झाकण लावलं की खडखडायचं, म्हणून झाकण काढून टाकलं. ह्या झाकणानं पुढं काय केलं ते ऐकाच.

आधी दुसरंच संकट आलं. ऊसतोडीचे दिवस. दारावरून उसाची बैलगाडी गेली की स्प्रिंगला हादरा बसायचा आणि ॲम्प्लिफायरमधून वीज कडाडल्यासारखा आवाज यायचा. खाली उशी ठेवली, गोधडी ठेवली, काही फरक नाही. शुक्रवार उजाडला. वन्सं रडकुंडीला आली. "वहिनी, तिथं फळ्यांचं स्टेज. ढोलकीवाला पाय आपटणार. पहिल्या गाण्यालाच घालवतील मला."

तेवढ्यात आणखी एक गाडी गेली. फडताळातल्या कपबश्या वाजल्या. मागच्या खोलीत तुळईला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत माझी लेक झोपली होती. ती हललीसुद्धा नाही.

मी लेकीला उचलून वन्संच्या हातात दिलं आणि झोळीत पेटी ठेवली. वर लुगड्याचे पदर आपोआप मिटले. पुढच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. गाडी आली, गेली. पेटी गप्प.

आत्याबाई दारात उभ्या. "आता लेकराची झोळी बी न्हेनार व्हय? ह्या पेटीला अंगाई कोन म्हननार?"

रविवारी ह्यांना लग्नाची ऑर्डर होती, म्हणून लेक आत्याबाईंजवळ ठेवून आम्ही दोघीच निघालो. श्रीरामपूरला एसटी बदलून कोपरगाव. पेटी झोळीसकट माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी टाचा उचलून धरायची. वन्सं खिडकीबाहेर बघत बसली. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलली, "माळ्यावर उंदीर आहेत ना गं?"

मालकांच्या घरामागं अंगणात फळ्यांचं स्टेज होतं. मी वरच्या उघड्या मांडवाच्या आडव्या पाइपाला झोळी बांधायला लागले तसा ढोलकीवाला हसला. "बारसं हाय का काय, वहिनी? बाळ कुठाय?"

"वाजायला लागलं की बघा," मी म्हटलं. आणि गाठ आवळली.

वन्संनं सुरुवात केली. आवाज अंगणभर घुमला. ढोलकीवाल्यानं मुद्दाम पाय आपटला, पेटी गप्प राहिली. त्याचं हसू थांबलं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात मालक उठले.

"थांबा. त्यात आहे काय, बघू तरी." त्यांनी झोळीचे पदर दोन्ही हातांनी फाकवून पाइपाला अडकवले. "हां, वाजव आता."

वन्संनं तार छेडली आणि आवाज बसला. तोंडावर हात धरून कुणी गावं तसा. मी सेल दाबून बघितले, कथलाचा एकेक डाग बोटानं चाचपला. सगळं जागच्या जागी. घुमारा होता, पण गिटारच ऐकू येईना, आणि थरथर तर पार मेलेली. वन्सं माझ्याकडं बघेचना.

"घरी केलेल्या वस्तूंचं हे असंच," मालक म्हणाले. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "सेल गेले असतील." असं म्हणत ते पेटीवर वाकले.

आणि आवाज एकदम वर आला! ते सरळ झाले, आवाज बसला.

"मालक, परत वाका," मी म्हटलं.

"काय?"

"वाका म्हणते ना!"

ते गोंधळून वाकले. गिटार परत बोलायला लागली. ढोलकीवाला ओरडला, "मालक, तुमी मुजरा केल्याबिगर ती बोलंना!"

अंगणातलं चार वाजताचं ऊन, दुसरं काय. झाकण नसलेल्या पेटीत थेट त्या खरवडलेल्या दाण्यावर पडत होतं. घरी मागच्या खोलीत अंधार, वर लुगड्याचे पदर, त्यामुळं मला कळलंच नव्हतं. मी पदर सोडवले, झोळी मिटली आणि वन्संला म्हटलं, "वाजव."

तिनं सबंध गाणं वाजवलं. थरथर अशी की ढोलकीवाला हात थांबवून ऐकत बसला.

मालकांनी विचारलं, "केलं कोणी हे?"

"मी."

त्यांनी झोळीचा पदर उचलून एकदा आत बघितलं. मग म्हणाले, "पेटी इथंच ठेवा. काय पैसे व्हायचे ते घ्या. नाशिकचा एक गिटारवाला आहे, त्याला बसवतो. मुलीला गावोगाव न्यायचं म्हणजे फार व्याप हो."

वन्संनं गिटार मांडीवरून उतरवली आणि खोळीत घालायला लागली. त्या खोळीची बटणं लावताना तिचे हात मी बघितले, आणि बोलून गेले, "पेटी एकटी चालत नाही. ती चालवणं फक्त हिला येतं."

"दोनच तर बटणं दिसतात."

"दोनच आहेत. पण किती फिरवायची ते दर गाण्याला वेगळं. जरा जास्त फिरलं की आतला दाणा जातो. तीन गेलेत आजवर. दुसरा कुठं मिळायचा नाही." मी झोळी थोडी पुढं केली. "बघा फिरवून हवं तर."

मालकांनी हात पुढं केला. बटणापर्यंत नेला. मग मागं घेतला आणि मान खाजवली.

"महिन्याला तीन-चार कार्यक्रम असतात," ते म्हणाले. "घरचं कुणीतरी बाईमाणूस बरोबर पाहिजे."

"वहिनी येईल," वन्सं म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत झोळी तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली. बरंच अंतर गेल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, जास्त फिरवलं तर खरंच दाणा जातो?"

"नाही गं. तीन माझ्या ब्लेडनं फुटले."

ती हसली नाही. पेटीवरचे पदर तेवढे घट्ट केले.

लग्न होऊन नगरला जाईपर्यंत वन्सं त्या ऑर्केस्ट्रात वाजवत होती, आणि मी विंगेत झोळीजवळ बसत होते. त्या काळात मी पेटीला नवं खोकं केलं, झाकण केलं, स्प्रिंग दोनदा बदलली. बटणांवर मात्र कुठलं कशाचं ते कधीच लिहिलं नाही.