नानांचं अपील

"साहेब बदलू द्या, हुकूम आपसूक बदलतो," असं म्हणून नाना डोक्यावरचा पटका काढून गुडघ्यावर ठेवायचे. पटका गुडघ्यावर आला की समजायचं, नानांच्या लेखी विषय संपला. मग समोर पाटील असो, तलाठी असो की माझ्यासारखा शाळामास्तर, नाना वाद घालत नसत. वाट बघत बसत.

न भांडता जिंकणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भांडणाऱ्यांपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त. देवळाली प्रवरेपासून कोस-दीड कोसावरच्या आमच्या गावात नाना बऱ्यापैकी जमीन राखून होते. खरं नाव सांगत नाही. सरकारी कागदांवर ते पुष्कळदा चढलं, तेवढं पुरे झालं.

त्यांच्या या श्रद्धेला आधार नव्हता असं नाही. पाटाचं पाणी नवं नवं आलं तेव्हा पाटबंधाऱ्याच्या एका साहेबाने पाण्याची चारी नेमकी नानांच्या चांगल्या वावरातून आखली. भाऊबंद म्हणाले, कोर्टात जा. नाना गेले नाहीत. त्यांनी त्या साहेबाच्या बदलीची वाट पाहिली. पुढचा साहेब आला, घोड्यावरून एक चक्कर मारली आणि चारी बांधाच्या कडेने वळवली. पुढे एकदा त्यांचा बैल कोंडवाड्यात अडकला. तेव्हाही मामलेदार रजेवर गेला आणि त्याच्या जागी आलेल्याने बैल सोडला. नानांना वाटे, सरकार म्हणजे एका माणसाचं मत. माणूस हलला की मत हललं.

मी हसायचो. माझ्या शाळेला पत्रे मिळावेत म्हणून मी पाच साहेबांना अर्ज केले होते. पाचही बदलले, छप्पर मात्र गळतच राहिलं. "तुमचं नशीब सरकारी हाय मास्तर, त्याला कोन काय करनार?" नाना म्हणायचे.

नानांचा मुलगा लढाईत गेला होता. आमच्या जिल्ह्यातून गेलेली पोरं काही थोडी नव्हती. लग्न झालं आणि वर्षभरात तो भरती झाला. ब्रह्मदेशातून त्याची दोन कार्डं आली, मग काहीच नाही. पुढे सरकारातून इंग्रजी कागद आला आणि चावडीवर मला बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं, मुलगा बेपत्ता आहे, तो मरण पावला असं समजण्यात येत आहे.

नानांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"समजण्यात येतंय," नाना म्हणाले. "म्हंजी ठावं न्हाई. कुन्या साहेबाला तसं वाटलं, त्यानं लिव्हलं." आणि पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

पेन्शनीच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला नाही. अंगठा म्हणजे हुकूम मान्य, आणि मान्य केलेल्या हुकमावर अपील चालत नाही, एवढा कायदा त्यांना ठाऊक होता. मी त्यांना घरी गाठून म्हटलं, "नाना, हा हुकूम नव्हे. ही बातमी आहे."

"बातमी बी साहेबच लिव्हतो की," ते म्हणाले.

घरात सून होती. नानांची बायको आधीच वारलेली, त्यामुळे घरात दोघंच. सून दाराआडून ऐकत होती. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. अपील चालू होतं तोवर ते तसंच राहणार होतं.

लढाई संपली आणि पुढच्या थंडीत निवडणुकीचं वारं आलं. आता गोऱ्यांचं जाणार आणि आपल्या माणसांचं येणार, हे गुऱ्हाळावरच्या चुलवाणापाशी बसलेलं पोरदेखील सांगत होतं. मत मात्र गावात मोजक्यांना. जमिनीचा सारा बऱ्यापैकी भरणारे किंवा शाळा शिकलेले, एवढ्यांनाच. म्हणून आमच्याकडे एक रीतच पडली. ज्याला मत नाही त्याने मत असलेल्याकडे आपलं मागणं सांगून ठेवायचं, बाजाराला निघालेल्याला मीठ-मिरची सांगावी तसं.

काहिलीत रस उकळत असे आणि भोवती मागण्या. एकाला लेव्ही उठायला हवी होती, कारण त्याची ज्वारी खळ्यावरूनच सरकार उचलत होतं. एकाला रॉकेल हवं होतं. एकाला पाटाच्या पाण्याची पाळी दिवसा हवी होती. "नवं सरकार मला येळेवर झोपू देईल," असं तो अगदी खात्रीने सांगायचा. एक म्हातारी ऊस खुरपून आयुष्य घालवलेली. ती म्हणाली, "ऊस आमच्या हाताचा आन् साखर कार्डावर. येवढं इचारा त्यांला." तलाठ्याची बदली तर सगळ्यांनाच हवी होती. तलाठीही तिथेच बसून गूळ खात होता आणि त्यालाही ती हवी होती.

"नाना, तुमचं काय?" कुणीतरी विचारलं.

"माझं हाय एक," नाना म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

त्याच सुमारास सुनेचा बाप आला. गरीब माणूस, ओट्याच्या कडेला बसून बोलला. "नाना, पोरगी अजून इशीतली हाय. आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन हुतं. चांगलं ठिकान आलंय. तुमी मोकळी करा."

"सरकार बदलू द्या," नाना म्हणाले. "माझं इचारून हुंदे. मग तुमी म्हनाल तसं."

बाप माझ्याकडे पाहू लागला. नाना दुष्टपणा करत असते तर चार शब्द सुनावले असते. ते तर आपल्या लेकाला वाचवत होते.

सून एकदा शाळेपाशी पाणी न्यायला आली तेव्हा थांबली. "मास्तर, नव्या सरकारात बायामान्सांला काय इचारत्यात का?" तिने खाली बघून विचारलं.

"विचारतील," मी म्हणालो.

"मंग मला काय इचारतील?"

घागर भरून ती गेली. तिला नवरा परत हवा होता की माहेर, हे मला आजही सांगता यायचं नाही. तिलाही तेव्हा सांगता आलं असतं की नाही कोण जाणे.

उमेदवार आला. शहरातला वकील, माणूस भला, घसा बसलेला. त्याने गुलामी, स्वराज्य, शेतकऱ्याचं राज्य असं सगळं सांगितलं. लोकांनी लेव्ही, रॉकेल, साखर असं सगळं मागितलं. तो प्रत्येकाला हो म्हणत गेला. शेवटी नाना उभे राहिले.

"तुमचं सरकार आल्यावं जुन्या सरकारचे हुकूम फिरनार का?"

वकिलाच्या अंगात वीज आली. "सगळे फिरवू! एकूण एक फिरवू!"

टाळ्या पडल्या. नाना खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वकिलाला वाटलं, म्हाताऱ्याची देशभक्ती. मला मात्र त्या भल्या माणसाची मानगूट धरावीशी वाटली.

मताच्या दिवशी नाना पहाटे आंघोळ करून, धुतलं धोतर नेसून गाडीत बसले. मत द्यायच्या खोलीबाहेर त्यांनी वहाणा काढल्या. मत देऊन झालं तरी हलेनात. टेबलामागच्या कारकुनाला त्यांनी विचारलं, "मत दिलं. आता अर्ज कुटं सांगायचा?"

"कसला अर्ज?"

"म्हंजी आमाला काय पायजे त्यो."

"आजोबा, इथं फक्त मत. चला पुढे."

बाहेर येऊन नाना मला म्हणाले, "त्यो कारकून जुन्या सरकारचा हाय. बदलंल." बरोबरचे हसले, मीही हसलो.

आपल्या माणसांचं सरकार मुंबईत आलं. गुऱ्हाळावर पेढे वाटले, अर्थात गुळाचे. मग नानांनी मला अर्ज लिहायला बसवलं. "मराटीत लिव्हा. आता मराटी समजतंय त्यांला." मी लिहिलं. किती तरी दिवसांनी उत्तर आलं, मराठीत आणि अदबीने. सरकारला आपल्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, परंतु लष्कर मुंबई सरकारच्या अखत्यारीत येत नाही, ते दिल्लीकडे.

"म्हंजी आर्दंच बदललंय," नाना म्हणाले. "ऱ्हायलेलं आर्दं बदलू द्या."

गावाच्या मागण्यांचंही तेच झालं. साखर कार्डावरच होती, पाणी रात्रीच येत होतं. तलाठी बदलला, पण आलेला नवा जुन्याहून सवाई निघाला. लोक आधी कुरकुरले, मग दिल्लीची वाट बघू लागले. वाट बघण्यात सगळं गाव नानांचा चेला झालं म्हणा ना. सुनेच्या बापाने आणखी एक खेप घातली. ते चांगलं ठिकाण हातचं गेलं होतं. दुसरं आलं होतं, तितकं चांगलं नव्हतं.

मग दिल्लीचंही बदललं. शाळेवर झेंडा लागला तेव्हा नाना पुढच्या रांगेत पोरांबरोबर उभे होते. पोरांना खाऊ वाटून होईपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आता पुरं झालं. आता नगरला जाऊन इचारतो. लष्करात."

मी बरोबर येतो म्हटलं. नको म्हणाले. "आपलीच मानसं हायेत आता."

पुढचं मी पाहिलं नाही, त्यांनी सांगितलं ते सांगतो.

नगरच्या लष्करी कचेरीत त्यांना पुष्कळ वेळ बसावं लागलं, पण कुणी हाकललं नाही. मग आत बोलावलं. साहेब तरुण होता आणि मराठी होता, साताऱ्याकडचा असावा. त्याने नानांना समोर खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. मुलाचं नाव, पलटण, गाव विचारलं, आत जाऊन स्वतः शोधून आला. आला तो टेबलापलीकडे बसला नाही. दुसरी खुर्ची ओढून नानांच्या शेजारी बसला.

पुढे नाना वर्ष-दीड वर्षच काढू शकले. सुनेचा पाट लागला, तिसऱ्या ठिकाणी, एका बिजवराशी. नानांनीच पुढे होऊन लावून दिला आणि पेन्शनीच्या कागदावर अंगठाही दिला. आता त्यांच्या घरात भाऊबंदांची जनावरं बांधलेली असतात. पण नाना म्हटलं की मला आठवते ती त्यांच्या नगरहून परतण्याची दुपार.

ते घरी गेले नाहीत. सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"काय म्हणाले?"

"साहेबानं खुर्ची दिली, मास्तर," नाना म्हणाले. "इतक्या कचेऱ्या केल्या, आजवर कुनी खुर्ची दिली न्हवती. खुर्ची दिली तवाच मला कळलं."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"लई चांगलं मानूस. माझा हात धरून म्हनलं, 'बाबा, तो गेला. त्याच्या शेजारी व्हता तो शिपाई जित्ता हाय, त्यानं डोळ्यानं बघितलंय.' मराटीत म्हनलं. इंग्रजीत असतं तर तुमाला इचारलं असतं, नीट वाचा म्हनून." मग ते म्हणाले, "गोऱ्याच्या राज्यात त्यो जित्ता हुता माझा."

ऊन कलंडलं. मी म्हटलं, "नाना, घरी जा. सून वाट बघत असेल."

"जातो की. पर मी उंबऱ्यात पाय टाकला की तिचं कुकू जानार. वाईच बसू द्या."

मग बसले. पटका डोक्यावरच होता, काढायचं त्यांना भान नव्हतं. मी आत-बाहेर करत राहिलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी तीच आली, शोधत. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "मामंजी, सकाळधरनं उपाशी हायेसा. भाकरी निवून गेल्या." आणि मग हळूच, "काय म्हनलं सरकार?"

नानांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "चल," ते म्हणाले. "आदी भाकर खाऊ."

तिने एकदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वळली आणि पुढे चालू लागली. तिच्यामागे, दहा पावलं अंतर राखून, नाना. देवळापाशी चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून जाताना तिने दोन्ही हातांनी पदर धरून कपाळ झाकेपर्यंत खाली ओढून घेतला.