फुकटचं प्यादं

अकोटहून एसटीने येणारा तो मोटर वाइंडिंगवाला अमरावतीच्या प्रत्येक बुद्धिबळ स्पर्धेत एकाच पद्धतीने खेळतो. दुसऱ्याच चालीला राजाकडच्या उंटापुढचं प्यादं बळी द्यायला पुढे सरकवतो आणि बोलायला मनाई असूनही पुटपुटतो, "घ्या ना जी, फुकट हाये." समोरच्याने ते घेतलं की हा चपला काढून खुर्चीवरच मांडी घालतो. मग त्याची वार्निशचा वास येणारी बोटं पटावर अशी फिरतात, की समोरच्या राजाला पळता भुई थोडी होते.

गेल्या रविवारी ते प्यादं मी घेतलं आणि अडकलो. घाबरून घोड्याला हात लावला. तो हलवला तर वजीर जात होता, म्हणून हात मागे घेतला आणि राजा सरकवला. शेजारच्या पटावरच्या खेळाडूने ते पाहिलं आणि पंचांना बोलावलं. हात लावलेली सोंगटी चालावीच लागते, हे पोरांना शिकवून मी पोट भरतो. तरी पंचांना म्हणालो, "नाही लावला."

पंचांनी वाइंडिंगवाल्याला विचारलं. त्याने आधी घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई जी. मले तं नाई दिसलं."

डाव मी जिंकलो. त्याच्याकडे न बघताच हात पुढे केला. 'माफ करा' ओठांवर आलं होतं, तेवढ्यात माझा हात दाबत तो हळूच म्हणाला, "घ्या ना जी सर, फुकट हाये."