टेलरबाईच्या गल्लीतली उमेदवार

वस्तीत तिला सगळे नळवाली म्हणत. सतरा वर्षांपूर्वी तिने आणि टेलरबाईने पालिकेच्या कचेरीत इतके खेटे घातले, की शेवटी अधिकाऱ्याने हात टेकले आणि वस्तीत नळ आले. "साहेब जेवायला गेलेत," असं कारकून म्हणाला, की टेलरबाई बाकावर मांडी ठोकून विचारायची, "कोणत्या गावाला?" मग दोघी हसून बेजार.

नळानंतर गटार, गटारानंतर दवाखाना. निवडणुकीच्या फंदात पडायचं नाही, हे दोघींचं ठरलेलं. पण दवाखाना बांधून झाला तरी डॉक्टर मिळेना. अर्जाला उत्तर एकच यायचं: हे वरून ठरतं. तेव्हा नळवाली विधानसभेला अपक्ष उभी राहिली. सांगायला गेली, तर टेलरबाईने मशीनवरून मान वर केली नाही.

"आजपासून तू दारात आलीस, की लोकांना वाटेल, हिला काय हवंय."

ते खरंच ठरलं. ज्या घरांत ती थेट ओट्यापाशी जाऊन बसायची, तिथे आता तिच्यासाठी खुर्ची पुसली जाई. 'अगं'चं 'अहो ताई' झालं. कुणी भांडेना, कुणी तोंडावर बोलेना. घरी येऊन ती उरलेली पत्रकं मोजत बसे.

"एवढा मान मिळतोय, मग तोंड का पाडलंयस?" नवरा म्हणाला.

"मान परक्याला देतात हो."

टेलरबाईच्या गल्लीशी आलं, की ती बाहेरूनच वळायची. पत्रकं द्यायला ती दुसऱ्यांना पाठवायची. मतदानाला दोन दिवस उरले, तेव्हा मात्र एकटीच गेली, रिकाम्या हातांनी.

"मत मागायला आलीस की भेटायला?"

नुसतं 'भेटायला' म्हणावंसं फार वाटलं. पण या बाईशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"दोन्हीला."

टेलरबाई हातातली बाही उसवत राहिली. "बस," म्हणाली नाही. थोडा वेळ दारात उभी राहून नळवाली परतली.

ती चारशे बारा मतांनी निवडून आली. त्यांत टेलरबाईचं होतं की नाही, कोण जाणे. सभागृहात तिने डॉक्टरचा प्रश्न तीनदा लावून धरला आणि आठ महिन्यांनी डॉक्टर आले. त्या दिवशी दवाखान्यात हार झाले, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर ती त्या गल्लीत गेली, तर खोलीला कुलूप. गुडघे धरले म्हणून लेकीने आईला आपल्या गावी नेलं होतं. शेजारणीकडून नंबर घेऊन तिने तिथूनच फोन लावला.

"डॉक्टर आले म्हणे," टेलरबाई म्हणाली.

"आले. आठवड्यातून दोन दिवस."

"दोन दिवसांत काय होतंय? चार तरी हवेत."

किती दिवसांनी कुणीतरी तिला असं सुनावलं होतं!

"इकडे कधी येतेस?"

"मला कुठलं चालवतंय आता. तूच ये."

"अधिवेशन संपलं की लगेच येते."

त्यानंतर दोन अधिवेशनं झाली. दर रविवारी ती निघायचं ठरवते. पण सकाळी दार उघडलं, की पायरीवर माणसं बसलेली असतात, हातात अर्ज घेऊन.