कोंडीबाचा भोंगा

डोंगरकडा गावात लाऊडस्पीकर म्हटलं की कोंडीबा. आठ वर्षं भीमजयंतीला त्याचाच भोंगा लिंबावर चढायचा आणि त्यातून गायची त्याचीच बायको, कमलबाई. "जरा मागं सर, तुझा आवाज चिरका हाय," असं तो तिला दर वर्षी दटावायचा. ती बिचारी सरायची.

चौऱ्याहत्तर साली कळमनुरीचा इस्माईल सागवानी खोक्यांतले दोन मोठे स्पीकर घेऊन गावात आला आणि कोंडीबाच्या पोटात दुखायला लागलं. भोंगा लांब ऐकू जातो, पण खोकं गोड वाजतं, असं जो तो बोलू लागला. शेवटी जयंती कमिटीच्या जळबांनी तोडगा काढला. एकच गाणं दोन्हींतून ऐकायचं, मग ठरवायचं.

"मंग आमची कमलच गाईल," कोंडीबा ताठ्यात म्हणाला. घरचं माणूस घरच्या भोंग्याला जागेल, असं त्याला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

आधी गाणं भोंग्यातून झालं, दर वर्षीसारखंच. मग इस्माईलनं तार जोडली आणि म्हणाला, "भाभी, मागं काहून उभ्या? जवळ या."

कमलबाई बिचकत माईकपाशी आली. पहिली ओळ निघाली आणि विहारासमोरची माणसं बोलायची थांबली. आवाज चिरका नव्हताच. चांगला भरदार होता, भाकरी थापताना ती गुणगुणायची तसा. म्हाताऱ्या रुख्मिणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

कोंडीबाच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको माझी, आणि तिचा आवाज गावाला ऐकवला कोणी? तर ह्या इस्माईलनं! खोक्यांवर धोंडा घालावा असं त्याला वाटलं.

"कशातून गायचं, ते तिनंच सांगावं," जळबा म्हणाले.

कमलबाईनं खोक्यांकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पडलेल्या तोंडाकडं.

"भोंगाच लावा. सवय हाय मला."

कोंडीबा जिंकला. इस्माईलनं खोकी बैलगाडीत चढवली. पण कोंडीबाचा जळफळाट काही गेला नाही. तो आवाज त्याला पुन्हा ऐकायचा होता, आणि आपल्याच भोंग्यातून ऐकायचा होता.

जयंतीच्या दिवशी त्यानं स्वतः माईक पुढं सरकवला. "कमल, यंदा जवळ येऊन गा."

"नको. ह्यातून चिरका येतो," ती म्हणाली आणि आपणहून हातभर मागं सरली.