मिठावाचूनचे पान

वैशाखात पावस गावच्या आमच्या बागेत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकले, की त्या गर्द लालीने डोळे निवत. तसाच लालबुंद चेहरा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, होता. गावात त्या लालीला आरोग्याचे तेज म्हणत. अण्णांच्या थोरल्या भावाच्या मुखावरही ते होते. पण आंबे उतरवून घेता घेता हे काका उभ्या उभ्याच कोसळले, वाचा गेली आणि आठवड्याभरात ते गेले. दृष्ट लागली, असे सगळे म्हणाले, आणि मीही तेच खरे मानले.

सन तीसच्या सुमारास रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पाऱ्याचे यंत्र आणून अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब फार वाढला होता. चेहऱ्याच्या लालीवर जाऊ नका, असे त्यांनी आईला बजावले. हा आजार वर्षानुवर्षे अंगात मुकाट वसतो. दुखत नाही, खुपत नाही, पण हृदयाला थकवतो, मूत्रपिंडे झिजवतो, एखाद्या दिवशी मेंदूतली नस फोडतो, आणि हेळसांड केली तर आयुष्याची वर्षेच खुडून नेतो. खात्रीचे औषध त्यांच्यापाशी नव्हते. विश्रांती घ्या आणि मीठ सोडा, एवढेच ते सांगू शकले.

पण मीठ सोडायचे कसे? आमच्याकडे पान वाढायची सुरुवातच मिठाने. ती पांढरी चिमूट पडल्यावाचून पान पुरे वाटत नाही. "मला काय धाड भरलीय? चेहरा बघ माझा," म्हणत अण्णा पहिल्याच दिवशी अळणी पानावरून उठले. आईने वाद घातला नाही. माझ्या पानावरही तिने मीठ वाढले नाही, आणि मागाहून स्वतः जेवायला बसली तीही तशीच. पाणी प्यायला आत आलेल्या अण्णांनी तिला अळणी घास गिळताना पाहिले.

"तुला कशाला गो शिक्षा?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने जेवले. माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले, म्हणून सांगू!

पारा एकदम उतरला नाही. पण अण्णांनी धावपळ कमी केली, पथ्य सांभाळले, आणि तोही हळूहळू नमू लागला. वर्षे गेली. एका सकाळी ओटीवर बसून ते बोटांवर काहीतरी मोजत होते. काय मोजता, असे आईने विचारले.

"दादा गेला तेव्हा त्याचं जेवढं वय होतं, तेवढं माझं काल भरलं," अण्णा म्हणाले. "आजपासून तो माझ्याहून धाकटा."